नाव नसलेल्या नऊ चिठ्ठ्या

लढाई आली म्हणून मला शाळा मिळाली. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणापुढं काढली नाही. त्या सालात आमच्या भागातली किती घरं उठली, किती माणसं गेली, आणि मला मात्र ते साल आठवलं की नाकात ओल्या पाटीचा वास येतो. लोक रडत होते तेव्हा आपण सुखात होतो, हे बोलायला जीभ रेटत नाही. पण आता मी सत्त्याऐंशीत आहे. धाराशिवला लेकाकडं राहते, दुपारी झोप लागत नाही, आणि त्या सालाबद्दल बोलणारं माझ्या वयाचं माणूस आजूबाजूला उरलेलं नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

नातवंडांना समजेल असं आधी सांगते. देश स्वतंत्र झाला, पण आम्ही झालो नव्हतो. आमच्यावर निजामाचं राज्य होतं आणि त्याला हिंदुस्थानात यायचं नव्हतं. तो म्हणेल तो कायदा. झेंडा लावला की तुरुंग, चार माणसं एका जागी बोलत बसली की चौकशी. बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरायच्या, आज अमकं गाव लुटलं, उद्या तमकं, अशा बातम्या रोज यायच्या. आमचं गाव कळंबच्या अंगाला, डोंगराच्या वर. डोंगर उतरून तीन कोस गेलं की हद्द, आणि हद्दीपलीकडं बार्शीकडचा मुलूख. तो आधी इंग्रजाचा होता, आता स्वतंत्र हिंदुस्थानचा. आमची माणसं त्याला खालसा म्हणायची आणि आमच्या भागाला मोगलाई. बायका-लेकरं खालशात नेऊन ठेवायची आणि गड्यांनी शेत आणि गुरं राखायला मागं थांबायचं, असं त्या साली हद्दीजवळच्या गावागावांनी केलं.

आम्हीही केलं. संक्रांत झाली, हुरडा संपत आला, आणि एके दिवशी पहाटेच दादांनी गाडी जुंपली. दादा म्हणजे माझे वडील. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून त्यांनी पोत्यात टाकल्या. गाडीत माय, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ. मी नऊ वर्षांची. आमच्या मागं भावकीतल्या आणखी तीन गाड्या, त्यांत आठ चुलत्या आणि त्यांची लेकरं. नऊ घरांची आमची भावकी.

गाडी डोंगर उतरताना माय म्हणाली, "पोरगी वाढायलीय."

दादा म्हणाले, "ही धामधूम सरू दे. गावाकडं आलाव की बगू. पुढल्या साली उजवून टाकू."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला खाली बार्शीचं छोट्या रुळाच्या आगीनगाडीचं धुराडं दिसतंय का ते बघायचं होतं. लग्न काय, सगळ्यांचंच होतं.

खालशातल्या त्या गावात माझी मावशी दिलेली होती. तिनं आम्हाला गोठ्याशेजारची कडब्याची खोली दिली. आठही चुलत्या मारुतीच्या देवळाच्या ओवऱ्यांत राहिल्या. दादा दोन दिवस थांबले, मावशीच्या मालकाशी बोलले आणि रिकामी गाडी घेऊन माघारी गेले. मायनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, मग पदर खोचून म्हणाली, "चला, दुसऱ्याच्या घरात हाय आपण. बसून खायचं न्हाय." आणि तिनं मावशीचा गोठा झाडायला घेतला.

त्या गावात मराठी शाळा होती. मास्तर म्हणजे किडकिडीत माणूस, डोक्याला काळी टोपी, आणि आवाज मात्र असा की रस्त्यावरून जाणारा बैल थबकावा. मोगलाईतून आलेली लेकरं उनाडक्या करतात हे त्यांना सहन होईना. ते स्वतः ओवरीत आले आणि म्हणाले, "पोरं द्या. फी नको, काही नको." मायनं भावाला दिलं. भावानं शाळेच्या दारात अंग टाकलं आणि असा काही सूर लावला की पिंपळावरची पाखरं उडाली.

माय मला म्हणाली, "जा गं, बस त्याच्यापाशी. गप झाला की ये उठून."

मी बसले. तो आठ दिवस गप होईना, म्हणून आठ दिवस बसले. नवव्या दिवशी त्याला एक दोस्त मिळाला, दोघं खिडकीतून पसार झाले, आणि मी तिथंच राहिले. आमच्या गावात पोरींना शाळा नव्हती. त्यामुळं आपण इथून उठायला हवं की नको, हेही मला कळेना. समोर फळ्यावर 'क' होता. त्याच्या पोटात शिरून शेपटीनं बाहेर यायचं, ही युक्ती मला भारी आवडली होती.

मास्तर म्हणाले, "ए, तू कुणाच्या नावावर बसलीस?"

"भावाच्या."

"आणि तो कुठाय?"

"भवरा खेळायला गेला."

सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "मग त्याची पाटी रिकामी कशाला ठेवतेस? धर हातात," ते म्हणाले आणि फळ्याकडं वळले. माझ्या शिक्षणाचा श्रीगणेशा झाला तो एवढाच. पुढं मी आमच्या नऊ घरांतली पहिली बी.ए. झाले, शिक्षकी केली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. कुणाच्या शिफारशीवर नाही, मार्कांवर. पण माझं नाव हजेरीत यायला तिथंही आणखी दोन महिने लागले. तोवर हजेरीला भावाचं नाव पुकारलं की मी 'हजर' म्हणायची.

आज टीव्हीवर कुठल्याकुठल्या देशांतली लढाईतली लेकरं दाखवतात. मातीनं माखलेली, भेदरलेली. मी बघते आणि मग कॅमेरा हलला की मागं एखादं पोरगं चाक फिरवत पळताना दिसतं. मला ते पोरगं ओळखीचं वाटतं. आम्हीही तसेच होतो. मोठी माणसं बातमी ऐकायला चावडीपुढं जमायची आणि आम्ही मागच्या मैदानात नाका-नाका खेळायचो. हद्दीवर निजामाचा नाका होता, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती व्हायची. तोच आमचा खेळ. दोन दगड मांडले की नाका झाला. एकानं शिपाई व्हायचं, बाकीच्यांनी काहीतरी लपवून पार जायचं. चिंच, बिब्बा, काचेचा तुकडा. शिपाई दरडावायचा, "काय हाय रे झोळीत? काढ भायेर!" आणि शिपाई व्हायला सगळ्यांत जास्त भांडणं व्हायची. जुलमी राज्यातून पळून आलेली लेकरं आम्ही, पण प्रत्येकाला शिपाईच व्हायचं होतं. मला त्याचं आता हसू येतं. तेव्हा मी माझी पाळी आली नाही म्हणून रडले होते.

उन्हाळ्यापर्यंत मला जोडाक्षरं येऊ लागली आणि मास्तरांनी मला दुसरीत बसवलं. मग मी सुटलेच. दुकानातून मिठाची पुडी आली की मीठ ओतून कागद आधी मला लागायचा. कुणाच्या तरी जुन्या वहीचा तो कागद, अर्धं वाक्य इकडं, अर्धं दुसऱ्या पुडीत. मावशीच्या सारवलेल्या भिंतीवर मी कोळशानं सगळी बाराखडी काढली तेव्हा मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं भवाने, कालच सारवली ना भिंत! कुठल्या जन्माचं काढायलीस?" मग भिंतीकडं बघत मायला म्हणाली, "ह्यातलं माझं नाव कुठलं गं?" मायनं माझ्याकडं बघितलं. मी मावशीचं नाव लिहून दाखवलं. मावशीनं तेवढी जागा पुढं दिवाळीपर्यंत सारवली नाही, बाजूनं हात फिरवायची.

पण हे सगळं उसनं आहे हे मला माहीत होतं. माय मुद्दाम दुष्टपणानं नाही, पण सहज बोलून जायची, "शिक बाई हाय तोवर. गावाकडं कसली शाळा." आणि मग दादांचं ते गाडीतलं बोलणं मला आठवायला लागलं. ते मी सोडून दिलं होतं, पण त्यानं मला सोडलं नव्हतं. संध्याकाळी सगळ्या बायका मारुतीपुढं बसून हात जोडायच्या, निजामाचं राज्य जाऊ दे, गडीमाणसं सुखरूप राहू दे. मीही जोडायची. माझं मागणं थोडं वेगळं होतं. राज्य जाऊ दे, पण दुसरीची परीक्षा झाल्यावर जाऊ दे. मारुतीला हे बोलताना मला भीती वाटायची, आणि तरी मी रोज बोलायची.

आता चिठ्ठ्यांची गोष्ट.

गावाकडचे निरोप आम्हाला मुलाणीचाचाकडून यायचे. आमच्या गावचा तो मुलाणी, पिकल्या दाढीचा. बाजाराच्या दिवशी दोन शेळ्या हाकत तो खालशात यायचा. नाक्यावरचे शिपाई त्याला अडवत नसत. गावातल्या आमच्या नऊ गड्यांचे निरोप त्याच्या डोक्यात असायचे आणि जाताना इकडच्या नऊ बायकांचे निरोप तो डोक्यात घेऊन जायचा. श्रावण संपत आला होता तेव्हा तो येऊन ओवरीच्या पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बायांनो, म्या थकलो. मागच्या खेपेला हिच्या म्हशीचा निरोप तिच्या घरी सांगितला. आता लिहून द्या कुणाकडून. म्या तिकडं वाचून दाखवीन. थोडं मराठी येतंय मला."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मास्तरांकडून लिहून घ्यायचं? घरातलं, नवरा-बायकोतलं, त्या टोपीवाल्या परक्या गड्याला सांगायचं? शक्यच नव्हतं. मग माझी सगळ्यांत धाकटी काकू म्हणाली, "ही हाय की. हिला येतंय."

मला आजवर पुष्कळ मान मिळाले. हार घातले, शाल दिली. पण त्या दिवशी ओवरीत नऊ बायका मला मध्ये बसवून भोवती गोल करून बसल्या, तो मान पुन्हा मिळाला नाही. वहीची कोरी पानं मी मास्तरांकडून मागून आणली. पहिली काकू सरसावून बसली.

"लिव्ह. मालकाला दंडवत."

मी लिहिलं. "पुढं?"

"पुढं काय पुढं. काळी गाय कधी याली ते कळवा. चीक काढून ठिवा म्हनावं, पिऊन टाकू नका सगळा."

"काकू, 'म्हनावं' पण लिहू?"

"लिव्ह की. म्या म्हनले ना."

मास्तरांनी आम्हाला शिकवलं होतं, सांगणारा सांगतो तसंच लिहायचं, मनाचं घालायचं नाही, गाळायचं नाही. मी तसंच केलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही तर रीतच होती. नवऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही, सासऱ्याचं नाही. एकाच भावकीतल्या बायका, त्यामुळं एकीच्या तोंडी जे नाव चालणार नाही ते दुसरीच्याही तोंडी चालेना. प्रत्येकीनं 'मालकाला दंडवत' असं सुरू केलं आणि 'आमी बऱ्या हाव' असं संपवलं. कुणाच्या चिठ्ठीवर कुणाला पाठवली ते नाही, कुणी पाठवली तेही नाही. आणि माझ्या डोक्यात काही आलंच नाही. सांगितलं तेवढं मी लिहिलं होतं, एकही काना चुकला नव्हता.

एका काकूनं सगळ्यांना लांब बसायला सांगितलं आणि माझ्या कानात सांगितलं. "तुमच्या आईचं ऐकून शिमग्याला मला बोललाव, ते म्या इसरले न्हाय." एवढीच चिठ्ठी. दंडवत नाही, काही नाही.

शेवटी माय बसली. तिनं सांगितलं, "मालकाला दंडवत. मूग तोडून घ्या, पावसात काळा पडंल. कोपऱ्यातल्या कणगीत उडीद हाय त्याला उन्ह दावा. दिवस बुडायच्या आत घरात येत जा." मग थांबली, पदराशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, "बास. आमी बऱ्या हाव."

पानावर खाली चार बोटं जागा उरली होती. माय मुलाणीचाचासाठी भाकरी आणायला उठून गेली. मी आधी आजूबाजूला बघितलं. मग लिहिलं, 'पोरगी शाळेत जाती. मास्तर म्हणतात डोकं चांगलं हाय. तिला शाळेतून काढू नका.'

कागद वाळला का नाही हे पेन्सिलीच्या अक्षराला बघावं लागत नाही, तरी मी त्यावर फुंकर घातली होती. मग घडी केली. नऊही घड्या मुलाणीचाचाच्या हातात गेल्या. त्याला कुणाची कुठली ते सांगितलं, त्यानं 'व्हय व्हय' केलं आणि सगळ्या एकत्र पटक्याच्या घडीत खोचल्या.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. नाक्यावर आता कुणालाच सोडत नव्हते. मी अर्धी भाकरी ठेवून उठायची. बायकांना वाटायचं ही गड्यांच्या काळजीनं सुकली. खरं म्हणजे मी माझ्या त्या वाढवलेल्या ओळींच्या काळजीनं सुकले होते. मायच्या तोंडी मी माझं बोलणं घातलं होतं. दादांनी विचारलं तर माय म्हणणार, मी कुठं असं सांगितलं? आणि मग शाळा तर जाणारच, वर हिला लिहायला येतं म्हणून ही काय काय करते, हेही सगळ्यांना कळणार.

महालक्ष्म्या होऊन एक-दोन दिवस झाले असतील, तेव्हा हिंदुस्थानची फौज मोगलाईत शिरली. आम्ही वर्गात होतो. डोक्यावरून विमान गेलं, आणि मास्तरांच्या आधी सगळी शाळा मैदानात पोचली. कुणी टोप्या उडवल्या, कुणी त्याच्यामागं ओढ्यापर्यंत पळालं. मास्तर मागून ओरडत आले आणि मग स्वतःच डोळ्यांवर हात धरून वर बघत उभे राहिले. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. निजाम शरण आला म्हणून दवंडी पिटली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मावशीनं गूळ वाटला. मी गूळ खाल्ला. मग कडब्याच्या खोलीत जाऊन पाटी पुसली आणि पुन्हा 'क' पासून सगळी बाराखडी लिहून काढली. दुसरीची परीक्षा अजून व्हायची होती.

हद्द उघडली. इतर गावचे बाप गाड्या घेऊन आले, आपापली बायका-लेकरं घेऊन गेले. आमच्या भावकीतलं कुणी येईना. त्याचं कारण पुढं कळलं. आता वारं उलटं फिरलं होतं, निजामावरचा राग गावोगावच्या गरीब मुसलमानांवर निघत होता. मुलाणीचाचाच्या घरावर बाहेरची माणसं चालून येणार अशी आवई होती, आणि आमचे दादा, चुलते पाळी लावून त्याच्या दारात बसले होते. चाचाला काही झालं नाही. गावोगावचे सगळेच चाचा वाचले नाहीत. तेही त्याच सालात झालं आणि तेही लिहून ठेवायला हवं.

पंधरा दिवसांनी आमच्या गाड्या आल्या. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या, त्यामुळं वळणावर दिसायच्या आधीच कळलं. दादा वाळले होते. मावशीच्या ओसरीवर ते बसले, गूळपाणी झालं, आणि मायनं आडून विचारलं, "चिठ्ठ्या पोचल्या का?"

दादांच्या बरोबर आलेले धाकटे काका जे हसत सुटले, त्यांना ठसका लागला. "वहिनी, काय इचारू नका! मुलाणीचाचा पारावर बसला अन् नऊ चिठ्ठ्या मांडल्या पुढं. म्हनला, वर नावच न्हाय, आता म्या कशाला कुठली देऊ? तुमच्या तुमी वळखा. मग काय, एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची अन् आमी नऊ जणांनी ऐकायची."

"सगळ्यांच्या समूर?" मायनं तोंडाला पदर लावला.

"सगळ्यांच्या समूर! गाईची वळखू आली. लुगडं फाटल्याची तीन जण घ्याया उठले. आन ती शिमग्याची!" काकांनी मांडीवर थाप मारली. "ती वाचली अन् नऊच्या नऊ गडी खाली मान घालून बसले. कुणी उचलंना. अजून चाचाकडंच पडली हाय ती."

दादा हसत होते, पण जरा मागं राहून. मग त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. मी उंबऱ्यात उभी होते. तिथून पळावं असं वाटत होतं.

"उडदाच्या कणगीवरून म्या ही वळखली," दादा मायला म्हणाले. "पर शेवटाला वाचलं, पोरगी शाळेत जाती, तिला काढू नका. पारावर सगळे म्हनले, ही तुझ्या घरची न्हाय, तुझी बायको आसं बोलायची न्हाय." त्यांनी कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो हातात घेतला. "तू सांगितलंस व्हय हे?"

माय कागदाकडं बघत राहिली. कागद उलटा होता. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पुढं मी मुलाखती दिल्या, इन्स्पेक्टर वर्गात आले, साहेबांपुढं उभी राहिले. पण तसं माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच सांगितलं. का? वाईट सांगितलं का काही?"

मावशी आतून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

दादांनी कागद तिच्याकडून घेतला आणि पुन्हा घडी घातली. ते सावकाश बोलणारे होते. "वाईट न्हाय," ते म्हणाले. "नऊ घरं आपली. नऊ घरांत वाचणारं एक माणूस न्हाय. बायकांनी धाडलेलं मुलाण्यानं वाचून दावलं, तवा कळलं कुणाचं काय दुखतंय. म्या रातच्याला, जेवताना, औत हाकताना तेच धरून बसलो." मग मावशीकडं वळून म्हणाले, "आक्का, हिला ठिऊन घेता का? पेरणी तोंडावर हाय, आमाला थांबता याचं न्हाय. गावाकडं पोरींची शाळा निघंल तवा निघंल. निघाली की न्हेईन."

"माझ्या भिंती खराब करती ती," मावशी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

असं सगळं चार वाक्यांत ठरलं. माझ्या लग्नाचं कुणी बोललं नाही, नको असंही म्हणालं नाही. ते पुढं मॅट्रिकपर्यंत असंच न बोलता राहिलं.

मला वाटलं होतं मी उड्या मारीन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बोचकी चढायला लागली, भाऊ बैलाच्या शेपटीशी खेळत गाडीत जाऊन बसला, आणि तेव्हा मला कळलं की राहणार मी एकटीच आहे. माय नऊ महिने माझ्या शेजारी कडब्यावर झोपली होती. मी शाळा मागताना मायचा हिशेब त्यात धरलाच नव्हता. मी तिच्या लुगड्याचा काठ धरला. शाळा नको म्हणायला तोंड उघडलंही होतं.

तिनं माझा हात सोडवला. वेणी नीट घातली आहे का ते बघायचं निमित्त करून मला जवळ ओढलं आणि कानाशी, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "पुन्यांदा माझ्या तोंडचं लिव्हशील तर आदी मला इचार."

मी मान हलवली.

"आन चांगलं लिव्हलंस," ती म्हणाली. "मला सुचलंच नसतं."

मग ती चाकावर पाय देऊन चढली आणि पडशील म्हणून भावाला ओरडायला लागली. गाडी हलली. मावशीनं मला घरात ये म्हणून हाक मारली, पण मी रस्त्यावरूनच शाळेकडं गेले. पोचले तेव्हा दुसरी घंटा होऊन गेली होती. उशीर झाला म्हणून मास्तरांनी मला दाराशी उभं केलं. बाकीची मुलं तेराचा पाढा म्हणत होती. मी उभ्यानंच त्यांच्यात सूर मिसळला.